विज्ञानाला बातमीदार द्या

(मराठी दैनिकांच्या संपादकांना खुले पत्र)

संपादक महोदय,



तुमच्या दैनिकात मंत्रालयाला बातमीदार आहे, महापालिकेला आहे, पोलीस आयुक्तालयाला आहे, क्रीडा पानाला तर स्वतंत्र माणसे आहेत. विज्ञानाला कोणी नाही. विज्ञानाचा बातमीदार नेमा, पूर्णवेळ आणि पगारी नेमा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी बरीच वर्षे मराठीत विज्ञानावर लिहिते आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवते. दर वर्षी वर्गातल्या एक-दोघांना तरी हेच काम आयुष्यभर करायचे असते. त्यांना मी कुठे पाठवू, हे ठरवणे तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

पावसापासून सुरुवात करते. तुमच्या वाचकाच्या पोटापाण्याशी इतका जवळचा दुसरा विज्ञानविषय नाही. ११ एप्रिल २०२३ रोजी भारतीय हवामान विभागाने त्या वर्षीच्या मोसमी पावसाचा पहिला अंदाज दिला : दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के. आकडा गावोगावी पोचला. त्याच्या सोबतच्या अटी मात्र वाटेतच गळाल्या. तो आकडा सगळ्या देशाचा मिळून होता. सरासरी म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले ८७ सेंटिमीटर. शिवाय पाच टक्के अधिक-उणे त्रुटी धरायची होती. कित्येकांना तर ९६ टक्के म्हणजे पाऊस पडण्याची शक्यता ९६ टक्के, असेच वाटत राहिले. हंगाम संपला तेव्हा देशाचा हिशेब ९४ टक्क्यांवर थांबला, म्हणजे अंदाज त्रुटीच्या मर्यादेत बसला. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. शेतकरी म्हणाला, हवामान खात्याने यंदाही फसवले. त्याचे पीक करपले होते, त्याचा राग खरा होता. शास्त्रज्ञ म्हणाले, आमचा अंदाज बरोबर होता. तेही खरेच होते. या दोघांच्या मध्ये उभे राहून दोघांचेही नीट ऐकून घेईल असा तुमचा माणूस तिथे नव्हता.

असा माणूस असता तर त्याने एप्रिलमध्येच लिहिले असते की हा आकडा तुमच्या शिवाराचा नाही. हवामान विभागाच्या हिशेबात महाराष्ट्राचे चार भाग पडतात : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. अंदाजाबरोबर विभागवार शक्यता दाखवणारे नकाशेही प्रसिद्ध होतात. त्याने ते नकाशे वाचून दाखवले असते. मेअखेरच्या सुधारित अंदाजाला पहिल्या अंदाजाइतकीच जागा मागितली असती. दर गुरुवारी पुढच्या दोन ते चार आठवड्यांचा अंदाज निघतो. पेरणीच्या दिवसांत वर्षाच्या आकड्यापेक्षा तो कितीतरी उपयोगाचा. प्रशांत महासागरात एल निनो डोके वर काढत असताना जुलैतल्या चांगल्या पावसावर विसंबू नका, असे सांगण्यासाठी त्याने पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जाऊन दोन माणसांना बोलते केले असते. पुण्यात शिवाजीनगरला हवामान विभागाचे मोठे कार्यालय, पाषाणला ही संस्था. दोन्हीकडे रिक्षाने जाता येते. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे, त्याला या बातमीची किंमत वेगळी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, आम्ही विज्ञान छापतोच की. छापता, आणि त्याबद्दल मनापासून आभार. मराठी विज्ञान परिषदेच्या सहकार्याने चालणारे 'लोकसत्ता'तले 'कुतूहल' सदर वाचत कित्येक मुले मोठी झाली. मराठीची ही परंपरा मोठी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. ज्यांच्या 'दर्पण'मुळे आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो, ते बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही पाहत. १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या 'दिग्दर्शन' मासिकात भूगोल आणि विज्ञान असे. म्हणजे मराठी पत्रकारितेचा पायाच एका गणिताच्या शिक्षकाने घातला. पुढे १९२८ मध्ये 'सृष्टिज्ञान' आले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद उभी राहिली. १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मागाहून कळले की लेखक जयंत नारळीकर आहेत. बाळ फोंडके, निरंजन घाटे, मोहन आपटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर ही नावे तर घराघरांतल्या कपाटांत आहेत.

पण यांतल्या बहुतेकांची चूल मराठीतल्या विज्ञानलेखनावर पेटली नाही. कोणी संशोधन केंद्रात होते, कोणी महाविद्यालयात शिकवत होते, कोणी कारखान्यात नोकरीला होते. नोकरी सांभाळून, रात्री जागून, सुट्या घालवून त्यांनी आपल्याला विज्ञान दिले. त्यांच्या त्या कष्टांची आपल्याला इतकी सवय झाली की विज्ञान हे हौसेने, सवडीने आणि जवळजवळ फुकट लिहायचे असते, असे सगळ्यांनी गृहीत धरले. सदरलेखक झालेले संशोधन समजावून सांगतो. त्याची गरज आहे आणि राहील. पण एखाद्या तालुक्यात आज सकाळी काही घडले तर तो कॉलेजचे तास सोडून तिथे जाऊ शकत नाही, आणि गेला तरी सरकारी अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याचा त्याला ना सराव असतो ना अधिकार. ते बातमीदाराचे काम आहे.

बुलढाण्याचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडत होते. पहिल्या आठवड्यात कॅमेरे गावात पोचले. पाण्यावर संशय घेतला गेला, बुरशीवर घेतला गेला, 'टक्कल व्हायरस' हे नावही पडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके येऊन नमुने घेऊन गेली. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावरच्या उपचारात कोकणातल्या शेकडो लोकांचे प्राण वाचवणारे काम केले, त्यांनी स्वतः नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. इथून पुढे खरी बातमी सुरू होते. दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच आकडे आले का? तो गहू कुठून आला होता आणि आणखी कोणत्या जिल्ह्यांत वाटला गेला? तिथे केस का गळले नाहीत? सरकारी पथकांच्या तपासणीत नेमके काय निघाले? या प्रश्नांची उत्तरे मिळायला महिने लागतात, कागद मागावे लागतात, माहिती अधिकाराचे अर्ज करावे लागतात, शेगावला पुन्हा जावे लागते. सकाळची पत्रकार परिषद, दुपारचा अपघात आणि रात्रीची सभा करणाऱ्या तुमच्या तालुका वार्ताहराकडून ही अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे.

त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे 'जीबीएस'चे रुग्ण वाढले. आरोग्य बीटवरच्या सहकाऱ्यांनी रुग्णसंख्या, खाटा, व्हेंटिलेटर यांचा हिशेब रोज दिला आणि तो चोख दिला. त्या दिवसांत मला येणाऱ्या फोनमध्ये मात्र प्रश्न वेगळाच असे : शेजारच्या घरात रुग्ण आहे, आम्हाला लागण होईल का? हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. आधी झालेल्या एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू त्यासाठी कुप्रसिद्ध आहे, काही रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडलाही, आणि म्हणून सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे गेले. एवढे चार ओळींत पहिल्या पानावर रोज यायला हवे होते. आकड्यांची बातमी करणारा आणि कारणाची बातमी करणारा, अशी दोन माणसे अशा वेळी लागतात.

आता लोणार. या प्रकरणातला एक तपशील मी दर वर्षी वर्गात सांगते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. छायाचित्रे देशभर गेली, तर्क सुरू झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यात हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून खारटपणा वाढला की ते माजतात आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसते. इथपर्यंत बहुतेकांनी छापले. पण संशोधकांनी आणखी एक साधी गोष्ट पाहिली होती. नमुना काही काळ न हलवता ठेवला, तर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा तपशील. रंग पाण्यात विरघळलेला नाही, तो कायमचा नाही, कोणी काही ओतलेले नाही, हे सातवीतल्या मुलालाही त्या एका भांड्यावरून पटते. बातमी करणाऱ्याला हा तपशील हेरता आला पाहिजे. तो त्याला प्रेसनोटमध्ये मिळेलच असे नाही. संशोधकाला फोन करून 'तुम्ही नेमके काय केलेत ते सुरुवातीपासून सांगा' असे विचारले की मिळतो.

लोणारचेच आणखी एक सांगते. हे विवर ५२ हजार वर्षांपूर्वीचे, असे आपल्या पुरवण्यांत आजही छापून येते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनात ते वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दहापटीहून अधिक फरक! जुना आकडा कुठल्या पद्धतीने काढला होता, नवा कशावरून आला, हे ज्याच्या वहीत टिपलेले आहे तोच लोणारवर लिहिताना थबकेल. अशी वही एका दिवसात भरत नाही. मंत्रालयात दहा वर्षे काढलेल्या तुमच्या बातमीदाराला कोणती फाइल कुठे अडते हे जसे माहीत असते, तशीच जाण इथेही एका बीटवर वर्षानुवर्षे राहूनच येते.

आता ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्याविषयी. नांदेडची सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली एक मुलगी मला लिहिते, की प्रयोगशाळेत तिचे मन रमते, पण प्रयोगापेक्षा प्रयोगाची गोष्ट सांगण्यात जास्त रमते. घरचे म्हणतात नेट दे, नाहीतर एमपीएससी कर. पीएच.डी.ला लागून कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार रुपये आहेत. मराठीत विज्ञान लिहून काय मिळेल, असे ती विचारते. तिला मी काय सांगायचे? लेखाचे मानधन कधी मिळते, कधी सहा महिन्यांनी मिळते, कधी अर्ध्या पानाची जाहिरात आली की लेखच उडतो. माझे बरेच हुशार विद्यार्थी शेवटी औषध कंपन्यांसाठी वैद्यकीय लेखन करू लागले, कोणी एखाद्या संस्थेच्या जनसंपर्क कार्यालयात गेले, कोणी इंग्रजीत लिहू लागले. त्यांना दोष देता येत नाही, घरभाडे कोणाला चुकले आहे? सरकारी आधारही पातळ झाला. १९८९ मध्ये सुरू झालेली 'विज्ञान प्रसार' ही केंद्राची संस्था २०२३ मध्ये बंद झाली. संशोधन करणाऱ्या मुलांनी आपल्या कामावर सोप्या भाषेत लिहावे म्हणून २०१८ मध्ये 'अवसर' ही बक्षीस योजना आली, ती चांगली होती. पण बक्षीस म्हणजे नोकरी नव्हे.

त्या मुलीला मी जे शिकवते ते तुम्हीही ऐका, म्हणजे तुम्ही कोणाला पगार देणार आहात ते कळेल. समजा, एका विद्यापीठाची प्रेसनोट येते : हळदीतल्या घटकाने कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात. सांगलीपासून हिंगोलीपर्यंत हळद पिकवणाऱ्या राज्यात ही बातमी पहिल्या पानावर जाणार, यात शंका नाही. डेस्कवरचा उपसंपादक रात्री नऊला ती घेतो, भाषा नीट करतो, पान सोडतो. माझा विद्यार्थी आधी मूळ शोधनिबंध उघडतो. निष्कर्ष नंतर वाचतो, पद्धती आधी. पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या, उंदरात होत्या की माणसात? प्रयोगात किती होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का? दिलेली मात्रा जेवणातल्या हळदीच्या किती पट? हळदीतला कर्क्युमिन हा घटक पोटातून रक्तात फार थोडा शोषला जातो, ही जुनी अडचण आहे. तिचे काय केले, हे निबंधात लिहिले आहे का? पैसे कोणी दिले? निबंध तज्ज्ञांच्या तपासणीतून गेला आहे की अजून कच्चा मसुदा आहे? मग तो दोन फोन लावतो. एक संशोधकाला, आणि दुसरा त्याच विषयातल्या अशा माणसाला, ज्याचे नाव निबंधावर नाही. हा दुसरा फोन झाला नसेल तर मी कॉपी परत करते. एवढे करून कधी कधी निष्पन्न होते की बातमीच नाही. तो दिवस वाया गेला असे तुम्ही मानू नये, कारण तुमच्या वाचकाच्या घरातला कोणी केमोथेरपी सोडून हळदीच्या गोळ्यांमागे लागला नाही.

टक्केवारीचेही तसेच. 'धोका ५० टक्क्यांनी वाढतो' असे वाचून माणूस हादरतो. मूळ निबंधात १० हजार माणसांत दोघांच्या जागी तिघांना तो आजार झालेला असतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण दुसरे छापल्याशिवाय पहिले छापणे मला अप्रामाणिक वाटते.

आणखी एक अडचण, जी दैनिकाच्या आधाराशिवाय सुटत नाही. मोठी विज्ञान नियतकालिके आपले निबंध पत्रकारांना काही दिवस आधी पाठवतात, ठरलेल्या वेळेपर्यंत छापायचे नाही या अटीवर. 'नेचर'ची वेळ बुधवारी लंडनच्या दुपारी चारची, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठची. तुमच्या जिल्हा आवृत्त्यांची पाने त्याच सुमाराला बंद होऊ लागतात. ज्याच्याकडे निबंध सोमवारीच आला त्याची कॉपी साडेआठला तयार असते, भारतातल्या तज्ज्ञाच्या प्रतिक्रियेसह. ज्याच्याकडे नाही तो एजन्सीच्या इंग्रजी बातमीचा घाईघाईत मराठी अनुवाद करतो, त्यात तज्ज्ञ केंब्रिजचा आणि उदाहरण बोस्टनचे. निबंध असे आधी मिळणाऱ्यांच्या यादीत नाव यायला नोंदणी लागते, आणि नोंदणीला बहुधा दैनिकाचे नाव किंवा नियमित कामाचा पुरावा लागतो. मुक्त लेखकाला हे दार उघडायला वर्षे जातात. तुमच्या लेटरहेडवरच्या एका पत्राने ते आठवड्यात उघडू शकते.

वाचक विज्ञान वाचत नाही, हा आक्षेप मी सर्वाधिक ऐकते आणि मला तो मुळीच पटत नाही. २०२० आणि २०२१ आठवा. ज्या घरात थर्मामीटर नव्हता त्या घरात लोक ऑक्सिमीटरचा आकडा वाचत होते. ९४ च्या खाली गेले तर काय करायचे, आरटी-पीसीआर आणि अँटिजेनमध्ये फरक काय, दोन डोसांत अंतर का, यावर एसटीत चर्चा चालत. आशाताईंनी गल्लीगल्लीत हे समजावले. विषय आपल्या जिवाशी आला की वाचक अवघड ते सगळे शिकतो.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. कागद महागला, जाहिराती आटल्या, माणसे कमी करण्याचे दिवस आहेत. तरीही एक पगार म्हणजे किती? सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक बातमीदार पुरे, निदान सुरुवातीला. आणि त्याला विषयांसाठी अमेरिकेकडे बघावे लागणार नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये लेसर धावणार आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशाला बसलेला हेलकावा मोजणार. भुजेच्या लांबीतला जो बदल टिपायचा, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म. अशा यंत्राला जमिनीची बारीकशी थरथरही सोसत नाही. मग आसपासच्या खाणी, रस्ते, जड वाहने यांचे काय होणार? गावाला काय मिळणार, मराठवाड्यातल्या किती मुलांना तिथे काम मिळणार? भूसंपादनाच्या बातम्या येऊन गेल्या. पुढचे प्रश्न विचारायला दोन्ही बाजू कळणारा बातमीदार लागेल, ज्याला लेसरही कळतो आणि सातबाराही.

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगापुढे आला, त्यात तिथल्या निरीक्षणांचा वाटा होता. कोयनेच्या परिसरात, गोठणे गावी, भूकंप जिथे उगम पावतात त्या खडकाकडे पोचण्यासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र २०१७ मध्ये पाडून झाले. त्याची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांनी सोसला त्यांची नातवंडे आज तुमची वाचक आहेत. त्या छिद्रातून काय हाती लागले, हे त्यांना मराठीत कोणी सलग सांगितलेले मी वाचलेले नाही.

किल्लारीचा विचार तर मनातून जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथल्या भूकंपात जवळजवळ दहा हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्याच परिसरात धक्के बसले होते. भूकंप कधी होईल हे तेव्हा कोणी सांगू शकले नसते, आजही सांगू शकत नाही. पण मातीत बसवलेल्या दगडाच्या भिंती हादऱ्यात कशा फुटतात आणि माळवदाचा भार कसा कोसळतो, हे विज्ञानाला आधीपासून माहीत होते. धक्क्यांची बातमी झाली की दुसऱ्या दिवशी घरांची बातमी करायची, आणि तिसऱ्या दिवशीही, हे ज्याचे कामच आहे असा माणूस प्रत्येक दैनिकात असला पाहिजे. दरडींखाली गेलेल्या माळीण, तळिये, इर्शाळवाडी या नावांनंतर तरी डोंगरउतारांबाबत आपण असे काम सुरू करायला हवे. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. त्यावर कोकणात आणि सह्याद्रीत गावोगावी भांडणे झाली. तो पूर्ण वाचून, तालुक्याचे पान काढून, त्या तालुक्यातल्या माणसांपुढे ठेवणारी बातमीदारी मात्र फार थोडी झाली.

शास्त्रज्ञांकडूनही अपेक्षा आहे, आणि ती मी त्यांच्या व्यासपीठांवर बोलून दाखवतेच. मराठी दैनिकाचा फोन आला की 'मेल करा' म्हणणारे आणि इंग्रजी दैनिकाला तासभर देणारे संशोधक मी पाहिले आहेत. पण हेही पाहिले आहे, की एकदा बातमी नेमकी छापून आली, आकडा चुकला नाही, वाक्य तोंडी घातले गेले नाही, की तोच संशोधक पुढच्या वेळी स्वतःहून फोन करतो. हा विश्वास एका माणसावर बसतो. दर वेळी वेगळा, दर वेळी घाईतला वार्ताहर गेला तर तो बसत नाही.

नेमणूक कशी करायची, याबद्दल माझे मत सांगून थांबते. पदवी विज्ञानाचीच हवी, असा हट्ट धरू नका. विज्ञानाचा पदवीधर बातमी शिकेल, तसा चांगला बातमीदार संख्याशास्त्रही शिकेल. मुलाखतीत ब्रह्मांडाविषयी विचारू नका. उमेदवाराला एक इंग्रजी शोधनिबंध आणि त्याच संशोधनाची प्रेसनोट द्या, टेबल द्या, फोन द्या आणि चार तास द्या. प्रेसनोटमध्ये आहे पण निबंधात नाही, असे काय ते त्याने शोधावे. एका बाहेरच्या तज्ज्ञाला गाठावे. मग चारशे शब्दांची बातमी आणि सहा शब्दांचा मथळा लिहावा. ती बातमी तुमच्या सर्वांत जुन्या तालुका वार्ताहराला वाचायला द्या. त्याला कळली, आणि वाचून त्याने एक तरी पुढचा प्रश्न विचारला, तर तो उमेदवार घ्या. पहिले सहा महिने त्याच्याकडून रोज बायलाइन मागू नका, आठवड्याला एक पक्की बातमी मागा. महिन्यातून एका दौऱ्याचे पैसे द्या. त्याची बातमी पुरवणीत ढकलू नका, जिथे पाण्याची, पिकाची आणि दवाखान्याची बातमी लागते त्याच पानावर लावा.

जाहिरात काढलीत तर मला जरूर कळवा. नांदेडच्या त्या मुलीला, आणि तिच्यासारख्या आणखी काहींना, मी त्याच दिवशी अर्ज करायला सांगेन.

आपली,
एक विज्ञान लेखिका